लॉटी ग्राबेकचे तीस सेकंद

लॉटी ग्राबेक प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. एकतीस वर्षं ती आमच्या हार्मन रस्त्यावर शाळेसमोर उभी राहून पोरांना पलीकडे पोचवायची. अंगात पिवळं जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली लाल पाटी आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पाय उचल! रस्ता आहे हा, तुझ्या आजीचा दिवाणखाना नाही." रडणाऱ्या पोराला तिनं कधी जवळ घेतलं नाही. पण एकतीस वर्षांत रस्त्यावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्यांवर एका पोराला साधं खरचटलं नाही, आणि सरोवरावरून सुटणाऱ्या हिवाळी वाऱ्यात एक दिवसही तिची जागा रिकामी दिसली नाही. मोठमोठे ट्रक तिच्या पाटीसमोर मुकाट उभे राहायचे.

मी हे सगळं पाहिलं, कारण माझं बूट दुरुस्तीचं दुकान त्याच चौकात आहे. माझं नाव कॅझिमीर, सगळे कॅझ म्हणतात. चाळीस वर्षं मी या वस्तीच्या बुटांना तळवे बसवतोय. कोण कसं चालतं हे मला माणूस न बघता सांगता येतं. यूजीन प्लूटाची उजवी टाच बाहेरून झिजते, कारण त्याचा खुबा गेलाय. फ्लोरियन ग्राबेकच्या बुटांची टोकं झिजायची आणि टाच कोरी राहायची, कारण तो पाय उचलत नव्हता, ओढत होता. लॉटीचे दोन्ही तळवे अगदी सारखे झिजायचे, पंच्याहत्तरी उलटली तरी. त्याचा तिला भारी गर्व होता, आणि मी तो वेळोवेळी वाढवला.

फ्लोरियन तिचा नवरा. पोलादाच्या कारखान्यात त्यानं छत्तीस वर्षं क्रेन चालवली. निवृत्त झाला आणि चार वर्षांत कंपवातानं धरलं. हात थरथरायचे ते परवडलं, पण चालता चालता त्याचे पाय मधेच जमिनीला चिकटायचे. डोकं म्हणतंय चल, पाय ऐकत नाहीत. वॉकर धरून तसाच उभा. लॉटी त्याला शाळेच्या पोरांसारखंच हाकायची. "चल गाढवा, पाय उचल." तो हसायचा. इतकी वर्षं त्या बाईजवळ हसत काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं घर रस्त्याच्या या बाजूला. दवाखाना, औषधांचं दुकान आणि चर्च पलीकडे. मधे चौपदरी हार्मन रस्ता. जुना सिग्नल पायी माणसाला वीस सेकंद द्यायचा. फ्लोरियनला तीस लागायचे. उरलेले दहा सेकंद लॉटी मिळवायची. रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात वर करायची, पाटी नसली तरी, आणि हॉर्न वाजवणाऱ्याला झापायची. "थांब की! पलीकडे बाप मेलाय का तुझा?" गाडीवाला तिच्या तोंडाकडे बघायचा आणि थांबायचा.

मग पालिकेनं जाहीर केलं की हार्मन चौकात हुशार सिग्नल बसणार. खांबांवर कॅमेरे, रस्त्यात सेन्सर. हा सिग्नल बसशी बोलणार, रुग्णवाहिकेशी बोलणार, नव्या गाड्यांशी बोलणार, आणि रस्त्यात माणूस दिसला तर आपणहून वेळ वाढवणार. चर्चच्या तळघरात सभा झाली. तिथं मॅरेन टोलेफसन पहिल्यांदा दिसली. तिशीतली, नाक लाल, गळ्यात हातानं विणलेला मफलर. हे सगळं आखण्याचं काम तिच्याकडे होतं. ती लबाड नव्हती. माझा तिच्यावर राग आहे, तरी हे सांगतो. लोकांना विचारल्याशिवाय काही बांधायचं नाही आणि कुणाचा चेहरा साठवायचा नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, आणि ती ते पाळत होती.

लॉटी उठली. "मला तीस सेकंद हवेत. लिहून घे."

"मिसेस ग्राबेक, तीस लागतही असतील," मॅरेन म्हणाली. "पण ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, असं आम्ही करणार नाही. इथल्या वयस्क माणसांना चालायला सांगू आणि मोजू. वीस लागले तर वीस, चाळीस लागले तर चाळीस."

"चाळीस?"

"लागले तर."

लॉटी खाली बसली आणि मला कोपर मारून म्हणाली, "पोरगी बावळट दिसते, पण कामाची आहे." घरी जाताना ती पहिल्यांदाच फ्लोरियनवर ओरडली नाही.

मोजणीसाठी मॅरेननं शुक्रवारची दुपार निवडली, ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांमधला शुक्रवार. तिचा हिशेब असा की त्या दिवशी चर्चमध्ये तळलेला मासा असतो, सगळी वस्ती पायी येते, तेव्हा माणसं आयती मिळतील. हिशेब कागदावर बरोबर होता. पण माशाच्या रांगेत उभं राहिलेलं आमचं माणूस घराला आग लागली तरी रांग सोडत नाही, हे तिला कोण सांगणार? आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

सकाळी ती दुकानात आली आणि निळ्या बिल्ल्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. चाळीस बिल्ले. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसानं बिल्ला गळ्यात घालून रस्ता ओलांडायचा, म्हणजे कॅमेऱ्याला वय कळतं. एक बिल्ला एकदाच मोजला जायचा, पण त्यावर नाव नाही, नंबर नाही.

"तुमचं दुकान कोपऱ्यावरच आहे," ती म्हणाली. "येईल त्याला एकेक द्याल का? मी गाडीत बसून आकडे बघते."

तिनं मला गाडीतल्या संगणकाचा पडदा दाखवला. त्यावर काड्यांची माणसं चालत होती. तोंड नाही, कपडे नाहीत, नुसत्या काड्या. "बघा, कोण चाललंय ते मलासुद्धा कळत नाही," ती म्हणाली. एवढा आनंद तिला झाला होता की मीही मान डोलावली.

साडेबारापर्यंत सहा जण आले. बाकीची वस्ती समोर चर्चच्या पायऱ्यांवर रांगेत, मफलरात तोंड खुपसून. लॉटी जाऊन त्यांच्या अंगावर धावली. मला दुकानातून ऐकू येत होतं.

"अरे आळशांनो, दहा मिनिटांचं काम आहे!"

"रांग गेली तर शेपटीकडचा तुकडा मिळतो," यूजीन प्लूटा म्हणाला. "तूच मार की माझी एक फेरी. तुझे पाय काय आणि माझे काय. तुझ्यासाठी पोटाकडचा तुकडा राखतो."

"माझी पण मार," मागून कुणीतरी म्हणालं. मग रांगच हसत सुटली.

लॉटी तणतणत दुकानात आली. "दे इकडे बिल्ले, कॅझ. यूजीनचा दे, त्याच्या बहिणीचा दे. सहाच म्हातारे आले म्हटल्यावर ती पोरगी काय करेल? इथं म्हातारे नाहीतच म्हणेल, आणि बोंबला."

मी दिले. एकेक मोजून दिले. कुणीही त्या जागी दिले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

तिनं जुनं पिवळं जाकीट चढवलं होतं. मीच आदल्या आठवड्यात तिच्या बुटांना नवे तळवे बसवले होते. मॅरेननं तिला बजावून सांगितलं होतं, रोज चालता तसं चाला. पण पट्ट्यांवर पाऊल पडलं, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, समोर सगळी वस्ती बघतेय, आणि बाईची पाठ सरळ झाली. मान वर, एक हात उंच, खाड खाड पावलं. तेरा सेकंदांत पलीकडे. परत येऊन दुसरा बिल्ला, पुन्हा तेरा. रांगेतून टाळ्या पडायला लागल्या.

मी दारात जाऊन ओरडलो, "लॉटी, जरा हळू!"

"हळू चालायला मी काय प्रेतयात्रेत आहे?"

फ्लोरियन माझ्याकडे खिडकीशी बसला होता, वॉकर गुडघ्यापाशी. मी लॉटीला म्हटलं, "यालाही ने की एकदा. हाच तर माणूस आहे ज्याच्यासाठी हे चाललंय."

"हा नाही," लॉटी म्हणाली. "सगळी वस्ती उभी आहे तिथं. त्यांच्यासमोर याची फरफट कशाला?"

"मला चालेल," फ्लोरियन म्हणाला.

"मला नाही चालणार." तिनं त्याच्या गळ्यातला बिल्ला काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि बाहेर पडली.

फ्लोरियननं काचेवर बोट टेकवलं. "कॅझ, बघ, माझा बिल्ला चाललाय. वा! काय चालतोय मी आज!" आणि तो खोकला येईपर्यंत हसला. मीही हसलो.

त्या दिवशी चाळीस फेऱ्या झाल्या. त्यातल्या सत्तावीस लॉटीच्या. उरलेले तेरा जण रांगेतल्या जागेच्या काळजीनं जवळजवळ धावत गेले आणि आले. मॅरेन गाडीतून उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मी टेबलामागे बसून टाच ठोकत होतो. पाचव्या बिल्ल्यालाच माझ्या लक्षात आलं होतं की हे चुकतंय. चाळीस वर्षं ज्यांचे झिजलेले तळवे हातात घेतले, त्यांच्यातलं एकही माणूस तेरा सेकंदांत जाणारं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी टाच ठोकत राहिलो.

ऑगस्टमध्ये सिग्नल सुरू झाला. पालिकेनं केक आणला. मॅरेननं भाषण केलं. "खरं सांगू? मी इथं आले तेव्हा वयस्क माणसं हळू चालतात असं गृहीत धरलं होतं. तुम्ही मला खोटं पाडलंत. सरासरी साडेतेरा सेकंद! सिग्नल आता चौदा देईल, आणि कुणी रस्त्यात राहिलंच तर आणखी चार. चाळीस जणांपैकी एकालाही याहून जास्त वेळ लागलेला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती लॉटीकडे वळून म्हणाली, "सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्ही एवढी माणसं जमवलीत."

लॉटी हातात केकची बशी घेऊन उभी होती. तिनं मान हलवली आणि केक खाल्ला.

मी तिला दुकानात ओढलं. "अठरा, लॉटी. आधी वीस तरी होते. सांग तिला."

"काय सांगू? एवढ्या लोकांसमोर? केक खाऊन झाल्यावर?"

"मग मी सांगतो."

"सांग की. बिल्ले कुणी मोजून दिले तेही सांग."

मी हातोडी उचलली. तिनं रिकामी बशी टेबलावर ठेवली. मग जरा नरमून म्हणाली, "ऑक्टोबरच्या आढाव्याच्या सभेत सांगते. पोरगीच असेल तेव्हा, सगळे नसतात. तोवर मी आहे की त्याला न्यायला. आजवर मीच नेत होते ना?"

पण आजवर गाडीवाले तिच्या तोंडाकडे बघत होते. आता नव्या गाड्यांत समोरच सेकंद उलटे मोजले जायचे. तीन, दोन, एक, रस्ता मोकळा. माणसं काचेबाहेर बघायच्या आधीच गाडी सोडायची. लॉटीचा हात हवेतच राहायचा. दोनदा तर आरसा तिच्या बाहीला घासून गेला. ती दुकानात येऊन पाणी प्यायची, आणि बाहीवरची धूळ झटकत राहायची. मी म्हणायचो, सभेला किती दिवस राहिले? ती सांगायची. आम्ही दोघं दिवस मोजत होतो, बाकी काही करत नव्हतो.

सभेला नऊ दिवस उरले होते. मंगळवार, सकाळचे दहा. फ्लोरियनला दवाखान्यात जायचं होतं. मी खिडकीत होतो. लॉटी पुढे, हात वर, तो मागे. अर्ध्यावर, मधल्या पिवळ्या रेषेपाशी त्याचे पाय चिकटले. लॉटीला वाटलं तो येतोय. ती पलीकडच्या कडेला पोचली आणि वळून बघितलं.

चौदा झाले. सिग्नलनं त्याला बघितलं आणि चार सेकंद दिले, अगदी ठरल्याप्रमाणे. मग गाड्यांना रस्ता मोकळा असल्याचं कळवलं.

"पाय उचल!" लॉटी ओरडली. "फ्लोरियन, पाय उचल! उचल ना, गाढवा!"

साठ वर्षांच्या संसारातले तिचे त्याला शेवटचे शब्द हे. धोबीखान्याची गाडी होती. चालवणारी बाई चांगली होती. ती उतरून कडेला बसली आणि ओकत राहिली. रुग्णवाहिका आली तेव्हा हुशार सिग्नलनं तिला चारही बाजूंनी रस्ता करून दिला. तेवढं काम त्यानं चोख केलं. पण रुग्णवाहिकेला घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सभा ठरल्या दिवशीच झाली, दुपारी चारला, त्याच तळघरात. फक्त या वेळी पालिकेचा वकील आला होता आणि खुर्च्या कमी पडल्या. वकिलानं कागद वाचला. यंत्रणेनं ठरल्याप्रमाणे काम केलं. वेळ स्थानिक वयस्कांच्या प्रत्यक्ष चालण्यावरून ठरवला होता. त्यात बदल करण्याचं कारण दिसत नाही. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांनी सोबत घेऊन बाहेर पडावं.

लॉटी काळ्या कोटात पहिल्या रांगेत होती. ती उठली.

"त्या चाळीस जणांत सत्तावीस मीच आहे."

"म्हणजे?" वकील म्हणाला.

"म्हणजे बिल्ले दुसऱ्यांचे, पाय माझे. सत्तावीस फेऱ्या मी मारल्या. ते आकडे फाडून टाका आणि सिग्नलला तीस सेकंद द्या."

तळघरात कुजबूज झाली. मॅरेनचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं समोरचा संगणक उघडला, खाली-वर केलं आणि हात मांडीवर ठेवले. "मला हे तपासता येत नाही," ती म्हणाली. "कोण चाललं ते आम्ही ठेवलेलंच नाही. मुद्दामच नाही ठेवलं."

"मग यांचं खरं कशावरून मानायचं?" वकिलानं विचारलं. "नवरा गेलाय, मनःस्थिती बरी नाही, समजू शकतो. पण कुणी पाहिलं का हे? कुणाच्या बिल्ल्यावर चाललात तुम्ही?"

"या यूजीनच्या."

यूजीन प्लूटा लाल झाला. "माझ्या? मी कधी सांगितलं? मी त्या दिवशी रांगेत होतो. मला काय माहीत ही काय करत होती!" आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, "आमच्या नावावर हे उद्योग केलेस तू? उद्या मी मेलो असतो त्या रस्त्यावर!"

"आणि बिल्ले कुणी दिले तुम्हाला?" वकील म्हणाला.

लॉटीनं मागे वळून पाहिलं. मी चौथ्या रांगेत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मला उठता आलं असतं. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. मी माझ्या टोपीकडे बघितलं.

"मी उचलले," लॉटी म्हणाली. "दुकानात टेबलावर पडले होते. कॅझ मागे काम करत होता. त्याला पत्ता नाही."

"साक्षीदार नाही म्हणजे," वकिलानं लिहून घेतलं.

तेव्हा मॅरेन हळूच म्हणाली, "पावलांची लांबी नोंदलेली आहे. माणूस कळत नाही, पण पाऊल कळतं. त्या पुन्हा एकदा चालल्या तर मी जुळवून बघू शकते." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण लॉटी कोटाची बटणं लावत जिन्याकडे निघालीसुद्धा.

आम्ही सगळे तिच्या मागून वर आलो. पायऱ्यांवर तीच गर्दी, या वेळी माशाविना. पिवळ्या रेषेपाशी डांबरावरचा डाग अजून दिसत होता. पालिकेनं धुतलं होतं, पण वाळू टाकलेली तशीच होती. हिरवी खूण लागली. लॉटी कडेवरून उतरली. मला वाटलं तिथं पोचल्यावर ती कोसळेल, आणि खरं सांगतो, कोसळावी असं मला वाटलं, म्हणजे निदान कुणीतरी तिला धरलं असतं. ती कोसळली नाही. पाठ सरळ, मान वर, हात उंच. खाड खाड त्या वाळूवरून गेली. एक पाऊल आखूड पडलं असतं तर जुळलं नसतं, आणि तिला ते माहीत होतं.

"बघा," माझ्या शेजारी एक बाई दुसरीला म्हणाली. "नवऱ्याला पुरून आठवडा नाही झाला, आणि कशी ताठ चालतेय."

"तेरा," मॅरेन म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "जुळतंय. सत्तावीसच्या सत्तावीस."

त्यानंतरच्या सोमवारपासून हार्मन चौकातला सिग्नल पायी माणसाला तीस सेकंद देतो, आणि रस्त्यात कुणी असलं तर ते जाईपर्यंत थांबतो. पालिकेच्या अहवालात एका ओळीत लिहिलंय की एका रहिवाशानं मोजणीच्या नोंदी बिघडवल्या, त्यामुळे यंत्रणेच्या आखणीला दोष देता येत नाही. नाव दिलेलं नाही. कुणाची ओळख उघड करायची नाही हा नियम त्यांनी तिथंही पाळला. वस्तीत नाव सगळ्यांना माहीत आहे. बेकरीत लॉटी आली की बोलणं थांबतं. यूजीन प्लूटा रोज सव्वीस सेकंदांत आरामात पलीकडे जातो, आणि ती समोरून आली तर तोंड फिरवतो. शाळेनं दारात लावलेला तिचा फोटो काढून टाकला.

मॅरेन एकदा माझ्याकडे आली. खुर्चीत बसून म्हणाली, "कुणावर पाळत राहू नये म्हणून आम्ही एवढी काळजी घेतली होती."

"माझ्या खिडकीतून एकदा बाहेर बघितलं असतंस तर पुरलं असतं," मी म्हणालो. "डोळ्यांनी. पाच मिनिटं." ती मफलर गुंडाळून निघून गेली. तिला हे ऐकवताना मला फार बरं वाटलं, आणि तेवढ्यापुरताच मी शूर आहे.

नाताळच्या आधी मी लॉटीच्या घरी गेलो. बरोबर बटाट्याच्या करंज्या नेल्या होत्या, माझ्या बहिणीनं केलेल्या. लॉटीनं डबा घेतला, टेबलावर ठेवला, उघडला नाही. वॉकर भिंतीशी उभा होता, त्यावर तिनं फडकी वाळत घातली होती. मी पाच मिनिटं हवापाण्याचं बोललो. मग म्हणालो, "लॉटी, त्या दिवशी मी उठायला हवं होतं. बिल्ले मी दिले. मला कळलंही होतं. मी अजूनही जाऊन सांगतो त्यांना. लिहून देतो."

"कशाला?"

"म्हणजे सगळं तुझ्या एकटीवर राहणार नाही. निम्मं माझ्यावर येईल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं रस्त्यात रेंगाळणाऱ्या पोरांकडे ती असंच पाहायची.

"वाटा मागायला आलास होय?" ती म्हणाली. "करंज्या घेऊन? फ्लोरियन माझा होता, कॅझ. माझ्या ताठ्यापायी मेला. तेवढंच उरलंय त्याचं माझ्याकडे, आणि ते मी कुणाला निम्मं देणार नाही. तुला हलकं वाटावं म्हणून तर नाहीच नाही." मग डबा माझ्याकडे सरकवला. "ऊठ आता, घरी जा. सावकाश जा. तुम्हा सगळ्यांसाठी लांबवून घेतलाय तो सिग्नल."